जुन्या एमजीबीला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर बसवताना

एमजीबी ही ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी. तिच्या मूळ ऑइल फिल्टरच्या डब्याजागी स्पिन-ऑन, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा बंद फिल्टर लावायचा, असं हे काम. त्यातली सगळ्यात अवघड जागा म्हणजे फिल्टरच्या डोक्यातली, म्हणजे इंजिनाला कायम बसलेल्या वरच्या भागातली, एक अरुंद गोल खाच. ती खालच्या अंगाला तोंड करून असते, तेलानं माखलेली असते आणि गाडीखाली झोपलं तरी नीट दिसत नाही. जुनी रबरी रिंग त्या खाचेत बसलेली असते. वर्षानुवर्षं गरम तेलात शिजून ती इतकी कडक आणि काळी होते, की बोटाला धातूच लागल्यासारखं वाटतं.

माझ्या १९६६ च्या एमजीबीवर पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा खाच रिकामीच आहे असं समजून नवी रिंग वर बसवली. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांतच खाली तेलाचं थारोळं झालं. खाचेत आधीच एकावर एक दोन जुन्या रिंगा होत्या. माझी वरची बाहेर ढकलली गेली आणि पंपानं सगळं तेल जमिनीवर ओतलं. इंजिन लगेच बंद केलं म्हणून बेअरिंगं वाचली. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात या खाचेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो. गाडी इथली आहे आणि सुटे भागही इथेच मिळतात. तरी मराठीत लिहावंसं वाटलं, कारण एमजीबीचं हे इंजिन आपल्या ओळखीचं आहे. ते बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिज घराण्यातलं, १७९८ सीसीचं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडरमध्ये होतं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती, म्हणजे एमजीबीचं उत्पादन १९८० मध्ये थांबल्यावरही ३४ वर्षं. साताऱ्याला काकांच्या अँबॅसिडरचं बॉनेट उघडून मी पहिल्यांदा पुशरॉड आणि टॅपेट पाहिले. इथे एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एका अंगाला, डिस्ट्रिब्यूटर आणि फिल्टर दुसऱ्या अंगाला, ही मांडणी लगेच ओळखीची वाटली.

मुळात काय असतं आणि ते का बदलायचं

साठच्या दशकातल्या एमजीबींना इंजिनाच्या उजव्या अंगाला खाली लोंबणारा पत्र्याचा डबा असतो. डब्याच्या बुडातून एक लांब बोल्ट आरपार वर जातो आणि फिल्टरच्या डोक्यात आवळला जातो. डब्याच्या आत बुडाशी स्प्रिंग, त्यावर वायसर, सील आणि पत्र्याची चकती, तिच्यावर कागदी एलिमेंट, म्हणजे तेल गाळणारा भाग. तेल बदलताना फक्त एलिमेंट आणि रिंग नवी घालायची, बाकी सगळं धुऊन परत वापरायचं.

पद्धत वाईट नाही. माणसाच्या घाईशी मात्र तिचं जमत नाही. साठ वर्षांत कुणीतरी कधीतरी ती स्प्रिंग किंवा चकती जुन्या एलिमेंटबरोबर फेकून देतो. मग एलिमेंट वर दाबून बसत नाही आणि तेल त्याच्या कडेनं, न गाळताच पुढं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. गळती नाही, दिवा नाही, आवाज नाही. जुनी एमजीबी विकत घेतली असेल तर डबा उघडून आतले तुकडे मोजा. बदल करायचा नसला तरी एवढं कराच.

स्पिन-ऑन फिल्टर म्हणजे आजच्या गाड्यांना असतो तसा आट्यांवर फिरवून बसवायचा बंद डबा. त्यात स्प्रिंग, झडपा, कागद सगळं आतच असतं. जुना झाला की पूर्ण टाकून द्यायचा. माझ्या दृष्टीनं खरा फायदा हाच: आतला भाग हरवायची सोय नाही, आणि डोक्यातली ती खाच दर वेळी उघडावी लागत नाही. ‘इंजिन सुरू करताच तेलाचा दाब चटकन येतो’ असंही हा बदल करायचे संच विकताना सांगतात. तेल मागं परतू न देणाऱ्या झडपेमुळे तसं होतं खरं, पण त्याचा मोठा फायदा आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरला. लोंबत्या डब्यात बरंचसं तेल तसंही साचून राहतं. सत्तरच्या दशकातल्या एमजीबींना कारखान्यातूनच उलटा, तोंड खाली करून बसणारा स्पिन-ऑन मिळायचा. त्यांना ती झडप असलेलाच फिल्टर लावायला हवा.

बदलाविरुद्धही एक मुद्दा आहे आणि तो मला पटतो. गाडी जशी होती तशी दिसण्याला किंमत आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतले मोठे बदल चालत नाहीत. स्पिन-ऑनसाठी डब्याच्या जागी लावायची चकती, म्हणजे अडॅप्टर, बोल्टवर बसतो, काहीही कापावं वा भोकं पाडावी लागत नाहीत आणि तासाभरात सगळं पूर्ववत करता येतं. तरी नोंदणीसाठी किंवा प्रदर्शनासाठी गाडी दाखवायची असेल तर जुना डबा परत लावूनच न्यावी. म्हणून डबा, लांब बोल्ट, स्प्रिंग, चकती, सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून एका पिशवीत ठेवा आणि पिशवीवर गाडीचं नाव लिहा.

संच मागवण्याआधी

हे संच दोन तऱ्हांचे. एकात फिल्टरचं डोकं जागेवरच राहतं आणि डब्याच्या जागी ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे अडॅप्टर, बसते. दुसऱ्यात डोकंच बदलतं. नवख्यानं पहिला घ्यावा. डोकं सोडवायचं तर त्यामागचं पॅकिंग आणि तेलाच्या पाइपचे जोड उघडावे लागतात. साठ वर्षं न हललेला जोड पहिल्याच शनिवारी सोडवायला जाऊ नये.

संचाबरोबर फिल्टर आला नसेल तर आट्यांचं माप नीट बघा. बऱ्याच अडॅप्टरवर ३/४ इंची, इंचाला १६ आटे असलेली युएनएफ (इंची बारीक आट्यांची) नळी असते. बाजारात २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर आट्यांचे फिल्टरही भरपूर मिळतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यामुळे मेट्रिक फिल्टर या नळीवर चढतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे पुरते धरत नाहीत. दाब आल्यावर असा फिल्टर उडू शकतो. दुकानदारानं ‘बसतो की’ म्हटलं तरी फिल्टरच्या डब्यावर छापलेलं माप स्वतः वाचा. फिल्टरच्या रबराचा बाहेरचा व्यासही अडॅप्टरच्या सपाट कड्याच्या आत पूर्ण बसायला हवा.

अँबॅसिडरवाल्यांसाठी: घराणं एक असलं तरी डोकं तेच असेल असं धरून चालू नका. खाचेचा व्यास आणि मधल्या बोल्टचे आटे मोजून, विक्रेत्याला ते आकडे कळवून मगच संच मागवा. फिल्टरच्या आजूबाजूला मोकळी जागा किती आहे तेही पाहा. काही फिल्टर मूळ डब्यापेक्षा जाड असतात.

हाताशी काय हवं

इंचाचे पाने, शक्यतो गोटी संच. मेट्रिक पान्यानं ही गाडी उघडू नका, बोल्टचे कोपरे गोल होतात. दोन भक्कम स्टँड, कारण नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीच जायचं नसतं. तेल धरायला मोठा ट्रे, जुनी फडकी, टॉर्च आणि लहान आरसा. खाच कोरायला टोक किंचित वाकवलेलं दाभण आणि बांबूची तासलेली काडी. सम्पच्या, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी तेल साठतं त्या भागाच्या, बोल्टसाठी तांब्याचं नवं वायसर. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. फिल्टर धरून साधारण सव्वाचार लिटर लागतं, पण पाच लिटरचा डबाच आणा.

आणखी एक गोष्ट कामाच्या आदल्या दिवशी करा: गाडी अर्धा-पाऊण तास चालवून, इंजिन पुरतं गरम असताना तेलाच्या दाबाचे दोन आकडे वहीत लिहा. एक जागेवर उभी असताना, एक चालत्या गाडीत. एमजीबीला खराखुरा दाबमापक असतो, तो नुसता शोभेला नाही. चांगल्या इंजिनात चालताना ५० ते ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आणि जागेवर १० ते २५ असा दाब धरतात. तुमच्या इंजिनाचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा, कारण नंतर तुलना त्याच्याशीच करायची आहे.

जुना डबा काढणं

इंजिन कोमट असू द्या. फार गरम तेल हात भाजतं, गार तेल घट्ट होऊन बुडाशी बसतं. गाडी स्टँडवर घ्या आणि बॅटरीची तार सोडा. फिल्टरजवळच स्टार्टर आहे. त्याच्या जाड वायरीत कायम करंट असतो आणि तिला पाना लागला तर ठिणगी उडते. स्टार्टरवर प्लॅस्टिकची पिशवी घालून दोरीनं बांधा, नाहीतर डब्यातलं सगळं तेल त्याच्यात उतरेल.

आधी सम्पमधलं तेल सोडा; सम्पला आपल्याकडे गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. निथळायला वीस मिनिटं द्या, घाई नको. मग ट्रे फिल्टरखाली सरकवून मधला बोल्ट सैल करा. डबा दोन्ही हातांनी धरा. तो तेलानं भरलेला असतो, वजनदार लागतो आणि शेवटचा आटा सुटताच वाकडा होतो. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणार हे धरूनच चाला.

डबा खाली आल्यावर आतले तुकडे ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढा. पुढं कधी डबा परत लावायचा झाला तर हा फोटोच उपयोगी पडेल. जुन्या एलिमेंटचा कागद कापून उलगडून पाहा. काळी साय असणार, ती नेहमीचीच. पितळी किंवा चंदेरी चकाकणारे कण दिसले तर फिल्टर बाजूला ठेवा आणि आधी इंजिन एखाद्या जाणत्याला दाखवा.

खाच

आता घाई सोडा. टॉर्च एका हातात, आरसा दुसऱ्या हातात. डोक्याच्या तळाशी गोल खाच दिसेल. पेट्रोल नको, थोडं रॉकेल लावलेल्या फडक्यानं ती पुसा. मग दाभणाचं टोक खाचेच्या बुडाशी नेऊन हलकेच वर उचला. रबर असेल तर टोक थोडं रुतेल. धातू असेल तर घसरेल. या दोन्हींतला फरक हाताला कळेपर्यंत खाचेत चार ठिकाणी टोचून बघा. रिंग एका जागी उचलली गेली की तिथे बांबूची काडी सरकवा आणि ओढत बाहेर काढा. ती अखंड निघेलच असं नाही. तुकडे निघाले तर ते जमिनीवर जोडून पूर्ण वर्तुळ होतंय का पाहा. एक तुकडा कमी असेल तर तो अजून खाचेतच आहे.

पहिल्या रिंगखाली दुसरी असू शकते. माझ्या गाडीत, मी घातलेली धरून, शेवटी तीन निघाल्या. स्क्रूड्रायव्हर वापरायचा मोह आवरा. त्याच्या टोकानं खाचेच्या बुडाला ओरखडा पडला तर त्या ओरखड्यातून तेल झिरपत राहतं आणि तो बुजवता येत नाही.

शेवटी खाच कोरड्या फडक्यानं पुसून, बोट फिरवून, आरशात पूर्ण फेरी बघा. बुडाला चकाकता धातू सलग दिसला पाहिजे.

अडॅप्टर आणि फिल्टर

संचातली नवी रिंग तेलानं ओली करून खाचेत बसवा. बसवताना ओढू नका. ओढून बसवलेली रिंग नंतर आखडते आणि एका जागी वर येते. समोरासमोरच्या चार बिंदूंवर दाबत जा, म्हणजे ती सगळीकडे सारखी बसते. खाली तोंड असल्यानं ती गळून पडत असेल तर किंचित ग्रीस लावा.

अडॅप्टर वर टेकवून मधला पोकळ बोल्ट हातानंच चढवा. चार-पाच आटे हातानं सहज गेले नाहीत तर तो वाकडा लागलाय, काढून पुन्हा लावा. अडॅप्टर डोक्यावर सगळीकडून सारखा टेकला की पान्यानं आवळा, संचाबरोबरच्या कागदावर लिहिलंय तेवढंच. अडॅप्टर ॲल्युमिनियमचा असतो; जोर लावला तर मऊ धातू आधी जातो. गळतीवर जास्त आवळणं हा उपाय नसतो. गळत असेल तर खाच पुन्हा उघडा.

फिल्टर लोंबता असल्यामुळे तो आधी तेलानं भरता येतो, आणि ही मोठी सोय आहे. थोडं थोडं ओता, कागद तेल पीत जातो. काठाच्या बोटभर खाली थांबा. त्याच्या रबराला ताज्या तेलाचं बोट फिरवा. हातानं फिरवत न्या, रबर अडॅप्टरला टेकलं की तिथे खूण करा आणि फिल्टरवर छापलंय तेवढं पुढं आवळा. बहुतेकांवर पाऊण फेरा लिहिलेला असतो. पाना लावायचा नाही. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

पहिला दाब

सम्पचा बोल्ट नव्या वायसरसह लावा आणि वरून तेल भरा. आधी साडेतीन लिटरच, बाकीचं डिपस्टिक बघत. स्टार्टरवरची पिशवी काढा, बॅटरी जोडा.

लगेच इंजिन सुरू करू नका. या इंजिनाचा पंप मागच्या अंगाला, कॅमशाफ्टवर चालतो. तिथून तेल बाहेर पडून पाइपानं ऑइल कूलरला, कूलरहून फिल्टरला आणि मग मुख्य वाहिनीतून बेअरिंगांना जातं. वाटेत कुठे हवा असेल तर बेअरिंगांना तेल पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती कोरडी फिरायला नकोत. म्हणून कॉइलवरची पांढरी वायर काढून तिचं टोक टेपनं गुंडाळा, चारही प्लग काढा आणि स्टार्टरनं इंजिन फिरवा. एका वेळी दहा सेकंद, मग स्टार्टरला विसावा. प्लग नसल्यानं इंजिन मोकळं फिरतं आणि बेअरिंगांवर भार येत नाही. दाबमापकाचा काटा जागचा हलून वर चढायला लागला की पहिली पायरी पार पडली.

पाच-सहा वेळा फिरवूनही काटा हलला नाही तर थांबा. पंपानं हवा ओढलीय. ब्लॉकच्या मागून निघणाऱ्या तेलाच्या पाइपचा जोड सैल करून तेलकॅननं त्यात तेल घाला, जोड आवळा आणि पुन्हा प्रयत्न करा. सम्प पूर्ण निथळून गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर असं होतं.

काटा चढल्यावर प्लग आणि वायर लावा. एका माणसाला गाडीत बसवा आणि सांगून ठेवा: ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी चावी बंद. तुम्ही टॉर्च घेऊन फिल्टरजवळ बसा. गाडीखाली नको, कडेला. इंजिन सुरू झाल्यावर वेग वाढवू नका. गार घट्ट तेलात दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणून गळायचं असेल तर पहिल्या मिनिटातच गळतं. अडॅप्टर आणि डोक्याच्या सांध्यावर कोरडा पांढरा टिश्यू फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओलही त्यावर उमटतं.

पाच मिनिटांनी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं तेल घाला. गाडी सपाट जागेवर असू द्या. गाडी बाहेर काढून पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, पुन्हा टिश्यू फिरवा, आणि गरम इंजिनावरचे दोन आकडे वहीत पहिल्या दोनशेजारी लिहा. ते जवळपास तेच यायला हवेत. दाब एकदम बराच खाली आला असेल तर गाडी चालवू नका. अडॅप्टर चुकीचा बसलाय, फिल्टर चुकीचा आहे की तेल कमी पडलंय, ते आधी शोधा.

जुनं तेल गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. इथे कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर ते बंद डब्यातून द्यावं लागतं. भारतातही २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. ज्या गॅरेजमधून ते पुनर्प्रक्रियेसाठी नेलं जातं तिथे पोचवा.

पुढच्या वेळी तेल बदलताना फक्त फिल्टर निघेल, अडॅप्टर तसाच राहील. तेव्हा काढलेल्या फिल्टरच्या तोंडावर त्याचं रबर आहे ना, एवढं बघा. नसेल तर ते अडॅप्टरला चिकटून राहिलंय. ते ओढून काढल्याशिवाय नवा फिल्टर चढवू नका.